डोंगरातली जमीन घेताना आम्ही कुठे फसलो

डोंगरात जमीन घ्यायची ठरलं तेव्हाच आमच्या मनात जागा पक्की होती. उंचावर हवी, समोर दरी मोकळी हवी आणि आवारात झरा हवा. पहिल्याच भेटीत हे सगळं आम्ही दलालाला भरभरून सांगितलं. काय दाखवलं की आम्ही भुलू, हे त्याला आम्हीच सांगून ठेवलं होतं.

आधी त्याने तीन जागा दाखवल्या. त्यातली एक गावाला लागून होती. बऱ्यापैकी सपाट, दारापर्यंत सार्वजनिक रस्ता, विहिरीला बारमाही पाणी. पण तिथून दरी दिसत नव्हती, म्हणून आम्ही पाच मिनिटांत परतलो. हे आठवलं की आजही जीव तुटतो. चौथी जागा अगदी आमच्या मनासारखी निघाली. पावसाळा नुकताच संपला होता, झरा खळखळत होता. 'आणखी दोन गिऱ्हाइकं संध्याकाळी येतायत' असं तो म्हणाला आणि आम्ही तिथेच इसार दिला.

उन्हाळ्यात गेलो तर झऱ्याच्या जागी दगडावर फक्त ओला डाग. वरच्या वस्तीवरच्या आजी सरपण घेऊन उतरत होत्या, त्यांना विचारलं. "पाऊस सरला की दोन-तीन महिने वाहतो बाई, मग आटतो. नेहमीचंच आहे ते." खरेदीआधी याच आजी दोनदा आमच्या समोरून गेल्या होत्या. दोन्ही वेळा दलालाने आम्हाला बोलत बोलत दुसरीकडे नेलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. जागा बघायला दलालाशिवाय एकदा तरी जा आणि जो भेटेल त्याच्याशी बोला. झरा असेल तर ऐन उन्हाळ्यात 10 लिटरची बादली लावून घड्याळ बघा. बादली दोन मिनिटांत भरली तर दिवसाला 7,200 लिटर होतात, पंचवीस मिनिटं लागली तर जेमतेम पावणेसहाशे. त्यात स्वयंपाक, धुणं, आंघोळ, झाडं सगळं बसवून बघा.

खरी लबाडी मोजणीत झाली. दलालाच्या माणसांनी आमच्या डोळ्यांदेखत टेप टाकला. एक जण वरच्या खडकाजवळ, दुसरा खाली कुंपणापाशी, टेप उतारावर ताणून धरलेला. लांबी 100 मीटर, रुंदी 60 मीटर, म्हणजे 6,000 चौरस मीटर. दर चौरस मीटरवर ठरला होता, पैसे तेवढ्याचे दिले. टेप आम्हीही वाचला होता, त्यामुळे शंका घ्यायचं सुचलंच नाही. पुढे घराच्या आराखड्यासाठी मोजणीदार आणला, त्याने क्षेत्र काढलं सुमारे 5,440. जमिनीचं क्षेत्र उताराच्या पृष्ठभागावर मोजत नाहीत, ते नकाशावर सपाट पडतं तेवढंच धरतात. आमचा उतार साधारण 25 अंशांचा, त्यामुळे उतारावरचे 100 मीटर नकाशावर 91 सुद्धा भरत नाहीत. साडेपाचशे चौरस मीटरहून जास्त जमिनीचे पैसे आम्ही हवेला दिले. दलालाला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही, कारण 'मोजणी खरेदीनंतर करू, आता कशाला खर्च' हा आग्रह त्याचाच होता. मोजणीदार तुमचा स्वतःचा आणा, आणि इसाराच्या आधी आणा.

मग रस्ता. ज्या वाटेने आम्ही गाडी नेत होतो ती शेजाऱ्याच्या जमिनीतून जाते. 'वहिवाट पूर्वीपासून आहे' हे फक्त तोंडी. नीट चौकशी केली तेव्हा कळलं की आधीच्या मालकाला ओळखीखातर जाऊ देत होते, कागद कसलाच नाही. आता तिथे साखळी आहे. शेजाऱ्यांना मी दोष देत नाही. बांधकामाचे ट्रक आपल्या शेतातून जावेत असं कुणालाच वाटणार नाही. जाण्यायेण्याचा हक्क लेखी आणि नोंदलेला आहे का, त्याची रुंदी किती, रस्ता खचला तर दुरुस्ती कोणी करायची, हे आमच्या वकिलांनी पहिल्याच बैठकीत विचारलं. फक्त ती बैठक खरेदीनंतरची होती.

उन्हाचंही बघून घ्या. आमच्या जागेवर हिवाळ्यात दुपारी अडीचलाच डोंगराची सावली पडते. आणि झाडांचे बुंधे मुळापाशी वाकून मग सरळ वर गेलेले दिसले, जमिनीला आडव्या भेगा दिसल्या, तर माती हळूहळू खाली सरकत असण्याची शक्यता असते. आमच्या खालच्या बांधावर अशी चार झाडं आहेत. पहिल्या भेटीत त्यांच्याखाली उभं राहून आम्ही दरीचे फोटो काढले होते.

सध्या क्षेत्राच्या फरकाचे पैसे परत मागणारी नोटीस वकिलांमार्फत गेली आहे. माती आणि उतार तपासायला भूवैज्ञानिक पुढच्या महिन्यात येणार आहेत. रस्त्यासाठी शेजाऱ्यांशी बोलणं सुरू आहे. ते कागद करून द्यायला तयार आहेत, मोबदला ठरायचा आहे. त्यांची सही होऊन नोंदणी होईपर्यंत आम्ही वर एक वीटही नेणार नाही.