बाग पालिकेकडे की सोसायटीकडे? दोन्ही बाकांवर बसून पाहिल्यावर

गावातली जुनी बाग पालिकेने स्वतःकडेच ठेवावी की एखाद्या नोंदणीकृत सोसायटीला कराराने चालवायला द्यावी, असा ठराव तुमच्याकडे येऊ घातला असेल आणि तुम्हाला कुठल्या तरी एका बाजूने हात वर करायचा असेल, तर हे वाचा. मी दोन्हीकडे बसलो आहे. २००९ ते २०१४ आमच्या गावची बाग चालवणाऱ्या सोसायटीचा खजिनदार होतो, आणि त्यानंतर आजपर्यंत पालिकेच्या सल्लागार समितीत आहे. गावाचं नाव सांगत नाही. सोसायटीतली बहुतेक माणसं अजून रोज बाजारात भेटतात.

बाग पोर्तुगीज काळातली. मधोमध बँडस्टँड, कोपऱ्यात एकेकाळी वाचनालय असलेलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, बैठं घर, एक विहीर आणि ओवळीची, म्हणजे बकुळीची, दोन थोराड झाडं. पणजीच्या चर्चपुढच्या बागेसारखा थाट नाही. ती बाग गार्सिया द ओर्ताच्या नावाची, ज्या वैद्याचं औषधींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. तिथल्या खांबावर आधी वास्को द गामा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. आमच्या बागेच्या वाट्याला ना एवढा मोठा माणूस आला ना एवढं स्थित्यंतर, त्यामुळे पुरातत्त्व खात्याची निळी पाटीही नाही. मी बोलतोय ते अशाच, कुठल्या यादीत नसलेल्या बागांबद्दल.

आधी एक कबुली. सोसायटीची कल्पना गोव्यात चटकन पटते, कारण ती आपल्या हाडीमाशी आहे. देवळाला महाजन, गावाला गावकारी. चार घरांनी मिळून सामायिक वस्तू सांभाळायची, वर्षातून एकदा हिशेब वाचायचा, त्यावर कडाकडा भांडायचं आणि मग चहा प्यायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पालिकेच्या फाइलीपेक्षा ते आपलं वाटतं. मलाही वाटलं होतं.

पैशाच्या बाबतीत पहिली तीन वर्षं सोसायटीने पालिकेला धूळ चारली. सकाळी पाईप फुटला तर संध्याकाळी प्लंबर हजर. पालिकेत त्याच पाईपासाठी आधी अंदाजपत्रक, मग फाइल, मग निविदा, मग वर्क ऑर्डर, आणि तोवर पाऊस पडून बागेला पाणी मिळालेलंच असे. पण आमच्या देणग्यांतला मोठा वाटा खाणीच्या पैशाचा होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या आणि दोन महिन्यांत आमची पावतीपुस्तकं गार पडली. ट्रकवाला, गॅरेजवाला, हॉटेलवाला, सगळेच हात आखडून. कुणाला दोष देणार? माळ्याचा पगार मी दोनदा खिशातून दिला. पालिकेचा पैसा उशिरा येतो, पण घरपट्टी आणि बाजारातला सोपो, म्हणजे विक्रेत्यांकडून घेतला जाणारा कर, काही खाणीवर चालत नाही.

झाडांबाबत फरक शोधू नका. तोडायचं तर १९८४ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी दोघांनाही लागते, आणि पावसाआधीची छाटणी दोघेही सारख्याच निर्दयपणे करतात.

वास्तूच्या बाबतीत मला अजून खात्रीने बोलता येत नाही, आणि त्यात आमची चूक आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो. वाचनालयाच्या भिंती चिऱ्याच्या, वर जुना चुन्याचा गिलावा. तो जागोजाग काळवंडला होता. २०१० मध्ये आम्ही हौसेने तो खरवडून काढला, सिमेंटचा गिलावा केला आणि वर पांढरा प्लॅस्टिक पेंट. उद्‌घाटनाला सगळ्यांनी फोटो काढले. दोन पावसाळ्यांत भिंतीला फुगे आले, मग खपल्या पडू लागल्या. चिरा पाणी पितो आणि चुन्यातून ते हळूहळू सोडून देतो. आम्ही त्याचं तोंडच बंद केलं, म्हणून ओल आतून फुटली आणि लोणा लागला. गावातल्या एका म्हाताऱ्या मेस्ताने, म्हणजे कारागिराने, हे आधीच सांगितलं होतं. पण आमच्या समितीत इंजिनियर होता, मेस्त नव्हता.

पालिकेने त्या घराला वीस वर्षं हात लावला नव्हता, म्हणूनच तो चुना २०१० पर्यंत टिकला होता, हेही खरं. आणि हात न लावल्यामुळेच नळ्यांखालचे, म्हणजे कौलांखालचे, वासे कुजले होते, हेही तितकंच खरं. सरकारी हातात वास्तू सुरक्षित असते असं म्हणायची तर सोयच राहिलेली नाही. चार्ल्स कोरियांनी रेखलेल्या पणजीच्या कला अकादमीतल्या खुल्या रंगमंचाचं छत २०२३ च्या जुलैत दुरुस्ती चालू असतानाच कोसळलं. पण पुढे काय झालं ते पाहा. विधानसभेत प्रश्न आले, कलाकार एकत्र येऊन जाब विचारू लागले. आमच्या भिंतीच्या खपल्या पडल्या तेव्हा कुणीच काही विचारलं नाही. आमच्या वार्षिक सभेत तो विषय ‘रंगकाम, किरकोळ’ या नावाखाली चार मिनिटांत संपला. ते इतिवृत्त मीच लिहिलं होतं.

इथवर पारडं कुठेही झुकलं नसतं. झुकलं ते फाटकाच्या कुलपाने.

पालिकेच्या काळात फाटकाला कुलूप नव्हतं. म्हणजे होतं, पण त्याची चावी कधीच हरवलेली, त्यामुळे ते उघड्या कडीत नुसतं लोंबकळायचं. सोसायटीने नवं आणलं. रात्री बंद, पहाटे उघडं, इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. मग दुपारी बाटल्या सापडू लागल्या, बँडस्टँडच्या मागे जोडपी बसतात म्हणून दोन सभासदांनी पत्र दिलं, आणि राखणदार एकच, त्यालाही जेवून घटकाभर पडायचं असतं. ठराव आला: दुपारी एक ते चार बाग बंद. मी हात वर केला. गाव तसाही त्या वेळी झोपलेला असतो, दुकानांचे दरवाजे ओढलेले असतात, बागेत येणार कोण, असा माझा हिशेब.

२०११ च्या मे महिन्यात एक दिवस अडीच वाजता मी छत्री घेऊन फाटकावरून जात होतो. पायरीवर एक बाई बसली होती, सत्तरीकडची, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद आणि शेजारी डबा. मामलेदार कचेरीत कामाला आली होती, साहेब जेवायला गेले होते, परतीच्या कदंब बसला वेळ होता. आत ओवळीखाली थंडगार सावली, खाली फुलांचा सडा, आणि ही बाहेर उन्हात फाटकाला पाठ टेकून जेवत होती. मला म्हणाली, “दार कित्याक बंद केलां, बाब?”

म्हटलं, नियम आहे.

“कोणाचो नेम?”

माझाच, असं म्हणायचा धीर झाला नाही. चावी आणतो म्हटलं आणि सेक्रेटरीच्या घरी गेलो. दारात त्याची बायको. ते झोपलेत, उठवू का, असं तिने अशा आवाजात विचारलं की मीच नको म्हटलं. परत आलो तेव्हा बाईने डबा आवरला होता. पाच वर्षं खजिनदार होतो, पण स्वतःच्या बागेचं फाटक दुपारी उघडायची सोय माझ्याकडे नव्हती.

त्यानंतर तो नियम बदलायला मला चौदा महिने लागले. घटनेप्रमाणे वेळा बदलायच्या तर सर्वसाधारण सभा हवी, ती वर्षातून एकदा. पहिल्या सभेत गणपूर्ती झाली नाही. दुसऱ्या सभेत झाली, तेव्हा ज्यांची घरं बागेला लागून होती त्यांनी दुपारच्या शांततेचे फायदे सांगितले. वाईट माणसं नव्हती ती. पण सोसायटीचे सभासद एक्केचाळीस, त्यातले बहुतेक त्याच वाड्यावरचे, आणि दुपारी कुणालाच बागेची गरज नाही, कारण घरी पंखा आहे. ज्यांना गरज होती ते सभासद नव्हते आणि होऊही शकले नसते. दोन वर्षांत आमची महाजनकी झाली होती, फक्त देव नव्हता.

यावर कुणी म्हणेल, ती सत्तरीची बाई तुमच्या पालिकेची तरी मतदार कुठे होती? बरोबर. पण २०१७ मध्ये, बाग पुन्हा पालिकेकडे असताना, पालिकेनेही नेमका तोच उद्योग केला. साफसफाईच्या नावाखाली दुपारी बाग बंद. पहिल्याच दिवशी चणेवाला बोंबलला, कारण दुपारचं गिऱ्हाईक गेलं. मग रिक्षावाले, मग बसचे कंडक्टर, जे तिथेच डबा खातात. नगरसेवकाला मासे घ्यायला त्याच तिंट्यावरून, म्हणजे बाजारातून, जावं लागतं. नवव्या दिवशी कुलूप निघालं. ठराव नाही, सभा नाही, लेखी काहीच नाही. तिकडे चौदा महिने, इकडे नऊ दिवस. याला मोजमाप म्हणता येणार नाही हे मलाही कळतं, पण माझ्याकडे हेच आहे.

कागदाचंही तसंच. माहितीच्या अधिकाराचा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला, दिल्लीच्या आठ वर्षं आधी. पालिकेकडे दहा रुपये भरून बागेवरचा खर्च मागता येतो. आमच्या सोसायटीला सरकारी पैसा जवळपास नव्हता, सगळा देणगीवरचा कारभार, त्यामुळे तो कायदा आमच्यापर्यंत पोचतच नव्हता. त्या काळी मला ही मोठी सोय वाटायची. हिशेब चोख होते, म्हणून कुणाला दाखवायची गरज वाटली नाही.

माझा कल कुठे आहे हे एव्हाना कळलं असेल, तेव्हा त्याच्या उणिवाही सांगून टाकतो. पालिकेची सल्लागार समिती म्हणजे कणा नसलेली गोष्ट आहे. राज्यघटनेने प्रभाग समित्यांची सक्ती केली ती तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत खुद्द पणजी महानगरपालिकेची वस्ती ४० हजारांच्या आसपास होती, तेव्हा बाकीच्या गावांची काय कथा. आमची समिती पालिकेच्या एका साध्या ठरावावर उभी आहे. पाच वर्षांनी नवं मंडळ आलं की आम्ही हार घेऊन जातो आणि समिती चालू ठेवा म्हणून विनवतो. एकदा नऊ महिने आम्ही अस्तित्वातच नव्हतो, आणि ते आम्हाला नंतर कळलं. सूचना दिल्या तर त्या ‘नोंद घेतली’ या शेऱ्याखाली गाडल्या जातात. दर सोमवारी जाऊन त्याच खुर्चीत बसायची तयारी नसेल, रक्तदाब असेल, तर या वाटेला जाऊ नका.

आणि तुमच्या बागेतलं घर या पावसाळ्यात पडेल अशा अवस्थेत असेल, गावात चुन्याचं काम जाणणारा माणूस असेल आणि पैसा एकाच धंद्यातून येत नसेल, तर सोसायटीला द्या, मी वाद घालणार नाही. फक्त करार तीन वर्षांच्या पुढे नेऊ नका. फाटकाच्या वेळा करारातच लिहून घ्या, सोसायटीच्या घटनेवर सोडू नका. आणि एक चावी बाजारात ठेवा, म्हणजे दुपारी न झोपणाऱ्या माणसाकडे. आमच्याकडे आता ती चणेवाल्याकडे आहे.

वाचनालयाची चावी मात्र नव्हती. या एप्रिलात नळे परतायला मेस्त बोलावला, तर पालिकेत ती कुणाकडेच सापडेना. एक म्हणे सायबाकडे, साहेब म्हणे स्टोअरात, स्टोअरवाला निवृत्त झालेला. मेस्त तासाभरात दुसऱ्या कामावर जाणार होता. शेवटी तिथल्या इन्स्पेक्टरने मान डोलावली आणि मी कुलूप फोडलं. वासे बदलले, नळे परतले, पाऊस आला तेव्हा आत एक थेंब नाही. गेल्या आठवड्यात पालिकेचं पत्र आलंय, की सदर कुलूप कोणाच्या आदेशाने तोडण्यात आले याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा. इन्स्पेक्टरची बदली झाली आहे. मी नव्या कुलपाची पावती शोधतोय, एकशे ऐंशी रुपयांची.