हातरंधा का इलेक्ट्रिक प्लेनर: उन्हाळा-पावसाळा वापरल्यावरचा अनुभव

रंधा हाताने मारायचा का मशीनने यावर सगळे बोलतात पण लाकूड कोणतं अन् काम कुठं करता हे कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते सगळं तिथंच ठरते. मी नागपूरला गच्चीवर काम करून राहिलो, लाकूड बहुतेक जुन्या दारांचं सागवान, नाहीतर लकडगंजच्या लाकूडबाजारातून आणलेलं.

८२ एमएम रुंद पात्याचा प्लेनर खडबडीत फळीवर जबरदस्त आहे. हातरंध्याने सकाळभर घाम गाळावा लागते ते काम पाच-दहा मिनिटात. पण फळीच्या टोकाला खड्डा पडतो, तो टाळायला सुरुवातीला पुढच्या प्लेटवर आणि शेवटी मागच्या प्लेटवर जोर द्यायचा. शिवाय ब्लेड गोल फिरते म्हणून बारीक लाटा उरतात, पॉलिश केलं की त्या चमकून दिसतात, त्यामुळे शेवटचा हात हातरंध्याचाच. जुन्या दारात खिळे असतात, आधी चुंबक फिरवून बघा, नाहीतर ब्लेडचा तुकडा उडालाच समजा.

सागवानात सिलिका असते, धार लवकर मरते. म्हणून मी नवीन माणसाला सांगीन, मशीनच्या आधी चांगला धारेचा दगड घ्या आणि पात्याला २५ अंशाचा उतार, धारेच्या टोकाला ३० अंश, एवढं हाताला बसवून घ्या. बोथट रंध्यामुळेच लोकं हाताच्या कामाला कंटाळतात, खरंच सांगतो. प्लायचं काम असेल तर मात्र मशीनच, त्यातल्या गोंदाने हातरंध्याची धार बघता बघता जाते.

मे महिन्यात इथं दुपारी गच्चीवर उभं राहता येत नाही, काम पहाटेच करावं लागते, अन् त्या वेळी प्लेनर चालू केला तर अख्खी बिल्डिंग उठते. हातरंधा चालतो. पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, ड्रॉवर अडकते, तेव्हा कागदासारखी एक साल काढली की ड्रॉवर परत सरकते, हे नाजूक काम मला मशीनवर कधीच धाडस करून करावंसं वाटत नाही. पावसाळ्यात पात्याला तेलाचा हात मात्र फिरवत जा, गंज लगेच धरतो.

मास्क लावाच, सागवानाच्या भुशाने नाक आणि कातडी दोन्ही चुरचुरते.

बजेट कमी असेल तर पहिले ड्रिल, मग रंधा, पटाशी, दगड, आणि प्लेनर खूप नंतर. सर्क्युलर सॉ (गोल पात्याची मशीन करवत) मी घेतलाच नाही, लांब चिराई सॉ मिलमध्ये करून आणतो.