मॉडबसचा पत्ता: डिप स्विच की सॉफ्टवेअर?

आरएस-४८५ च्या (एकाच तारजोडीवर अनेक उपकरणं जोडायची पद्धत) एकाच लाइनवर मीटर, मोटरचा ड्राइव्ह आणि सेन्सर जोडणाऱ्या मित्राला पडलेला हा प्रश्न: उपकरणाचा पत्ता त्याच्यावरच्या छोट्या डिप स्विचनी लावायचा की लॅपटॉपवरून सॉफ्टवेअरने? मॉडबस आरटीयूत (या लाइनवर उपकरणांनी बोलायची ठरलेली भाषा) प्रत्येक स्लेव्हला, म्हणजे विचारल्यावर उत्तर देणाऱ्या उपकरणाला, १ ते २४७ मधला पत्ता द्यायचा. ० हा सगळ्यांना एकदम संदेश पाठवण्यासाठी. दोघांचा पत्ता सारखा झाला की दोघंही एकाच वेळी उत्तर देतात, सीआरसी (संदेशातली चूक पकडणारा आकडा) चुकतो आणि आपण उगाच वायरिंग तपासत बसतो.

खरा फरक दिसतो उपकरण बदलताना. मीटर जळाला तर रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन जुन्याचे डिप स्विच बघून नव्याचे तसेच लावतो. १, ४ आणि ८ किमतीचे स्विच ऑन, म्हणजे बेरीज करून पत्ता १३. लॅपटॉप लागत नाही. मात्र बरीच उपकरणं स्विच फक्त सुरू होताना वाचतात, तेव्हा सप्लाय बंद करून चालू करा. सॉफ्टवेअरवालं नवं उपकरण बहुधा पत्ता १ घेऊनच येतं. ते आधी एकटंच कन्व्हर्टरला (लॅपटॉप आणि आरएस-४८५ यांना जोडणारा) जोडून पत्ता बदला, मगच लाइनवर घ्या. म्हणूनच मी १ हा पत्ता कायम मोकळा ठेवायला सांगतो.

पत्त्यांची संख्या: पाच स्विच असतील तर ३१ च्या पुढे जाता येत नाही. सॉफ्टवेअरला ही अडचण नाही.

धूळ, पाणी: सीलबंद सेन्सर स्विचसाठी उघडणं चुकीचंच.

खर्च: कन्व्हर्टर एकदाच घ्यायचा, त्यावर निर्णय अडकवू नका.

देखभाल स्थानिक माणसांच्या हाती असेल तर डिप स्विच घ्या. उपकरणं खूप असतील किंवा सीलबंद असतील आणि पत्त्यांची यादी पॅनेलच्या दारावर लावणारं कुणी असेल, तर सॉफ्टवेअर.