वीज गेल्यावर रिअॅक्टरमध्ये काय होते : एका हॅझॉप अभ्यासाचा अनुभव

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्फोट झाले, तेव्हापासून आपल्या कारखान्यातील धोके बाहेरच्या जाणकारांकडून तपासून घ्यावेत असे मनात होते. आमचा कारखाना लहान आहे. रंगांसाठी लागणारी इंटरमीडिएट रसायने आम्ही बॅच पद्धतीने तयार करतो. गेल्या वर्षी एका सल्लागार संस्थेकडून आम्ही हॅझॉप अभ्यास, म्हणजे प्रक्रियेतील संभाव्य धोके आणि बिघाड पद्धतशीरपणे शोधण्याचा अभ्यास, करून घेतला, त्याचा हा अनुभव.

हॅझॉप ही पद्धत १९६० च्या दशकात ब्रिटनमधील इम्पिरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत आकाराला आली. प्रक्रियेचा एकेक भाग घेऊन प्रवाह, तापमान, दाब यांना ‘नाही’, ‘जास्त’, ‘कमी’, ‘उलट’ असे शब्द लावायचे आणि तसे झाले तर कारण काय, परिणाम काय, अडवणारी व्यवस्था कोणती, हे विचारायचे. हे सारे कारखान्यातील यंत्रे आणि पाइपलाइन दाखवणाऱ्या आराखड्यावर अवलंबून असल्याने संस्थेच्या प्रमुखांनी पहिला अर्धा दिवस आराखडा हातात घेऊन पाइपलाइन प्रत्यक्ष फिरून पाहण्यात घालवला, आणि आराखड्यात नसलेली एक बायपास लाइन त्यांना सापडली. रात्रपाळीचा ऑपरेटर चर्चेला बसलाच पाहिजे, हा आग्रहही त्यांचाच.

त्या आग्रहाचे मोल दुसऱ्या दिवशी कळले. ‘थंड पाण्याचा प्रवाह नाही’ यावर चर्चा चालू असताना वीज जाण्याचा विषय निघाला. वीज गेली की पंप आणि स्टिरर (ढवळण्याचे यंत्र) दोन्ही थांबतात, पण आमचे डोझिंग, म्हणजे रिअॅक्टरमध्ये (अभिक्रियेच्या भांड्यात) रसायन हळूहळू सोडणे, वरच्या टाकीतून गुरुत्वाकर्षणाने होते, त्यामुळे ते चालूच राहते. ढवळणे बंद असताना पडलेले रसायन अभिक्रिया न होता साचते आणि वीज परत येऊन स्टिरर सुरू झाला की ते एकदम अभिक्रिया करते. निघणारी उष्णता थंडाव्याच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते. आमच्या कागदपत्रांत ‘ऑपरेटर व्हॉल्व्ह बंद करेल’ असे लिहिलेले होते. रात्रपाळीच्या ऑपरेटरने शांतपणे सांगितले, “साहेब, व्हॉल्व्ह वरच्या प्लॅटफॉर्मवर आहे, आणि तेव्हा तिथे अंधार असतो.” इतकी वर्षे मी त्या जिन्याखालून रोज जात होतो.

या जोखमीला सल्लागारांनी तीव्रता ५ आणि शक्यता ३, म्हणजे दोन्हींच्या गुणाकाराने १५ गुण दिले. स्टिरर थांबताच किंवा वीज जाताच डोझिंगचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल असा इंटरलॉक सुचवल्यावर शक्यता १ वर आली. तीव्रताही कमी दाखवावी असा आग्रह मी धरला. तो त्यांनी मानला नाही, आणि त्यांचेच बरोबर होते. इंटरलॉकमुळे अपघात घडण्याची शक्यता घटते, घडलाच तर होणारी हानी घटत नाही. ती घटवायची तर वरच्या टाकीत एका वेळी राहणारे रसायनच कमी करावे लागते. आम्ही आता तिथे लहान मापाची टाकी बसवली आहे.

अहवालाबद्दल मात्र तक्रार आहे. तो ठरल्यापेक्षा पाच आठवडे उशिरा आला आणि त्यात आमच्याकडे नसलेल्या अमोनिया शीतकरण यंत्रणेवर दीड पान होते. दुसऱ्या कोणाच्या अहवालातील मजकूर तसाच राहिला होता, हे उघड आहे. ज्या दस्तऐवजावर माणसांचे जीव अवलंबून आहेत त्यात अशी निष्काळजी मला अक्षम्य वाटते. शिफारशींसमोर जबाबदार म्हणून ‘उत्पादन विभाग’ एवढेच लिहिले होते. आम्ही ते परत पाठवून प्रत्येक शिफारशीपुढे एका व्यक्तीचे नाव आणि तारीख लिहून घेतली.

सेवा घ्यावी का, तर जरूर घ्यावी. मात्र आराखड्याची प्रत्यक्ष पडताळणी, ऑपरेटरचा सहभाग आणि सहा महिन्यांनी पाठपुराव्याची एक भेट या तीन गोष्टी करारातच लिहून घ्याव्यात. पाठपुराव्याची भेट आमच्या करारात नव्हती, म्हणून तिचे पैसे वेगळे द्यावे लागले. त्या भेटीत त्यांनी मेन स्विच बंद करायला लावून इंटरलॉक स्वतः तपासला.