स्पॉन्सर्ड की इन-हाऊस? मेकॅनिकलचा फायनल इयर प्रोजेक्ट ठरवताना

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपते न संपते तोच ग्रुपमध्ये वाद सुरू होतो: कंपनीचा स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट शोधायचा, की कॉलेजातच आपला विषय ठरवून इन-हाऊस करायचा? मी दोन्ही केले आहेत. डिप्लोमाला पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका कंपनीचा केला आणि नंतर डायरेक्ट सेकंड इयरला येऊन डिग्रीला कॉलेजातला. ग्रुप कसा जमवायचा, सिनॉप्सिस कसा लिहायचा, हे तुम्हाला ठाऊक असणारच. पैसे देऊन तयार प्रोजेक्ट घेण्याचा पर्याय मी धरलेलाच नाही.

आधी कंपनीची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. आमचं काम होतं एका ब्रॅकेटसाठी ड्रिल जिग, म्हणजे भोकं नेमक्या जागी पडावीत म्हणून जॉब (ज्यावर काम करायचं तो भाग) धरून ठेवणारा आणि ड्रिलला वाट दाखवणारा साचा. जॉब हलू नये म्हणून सहा टेकूंवर बसवायचा, हे ३-२-१ लोकेशन आम्हाला पुस्तकातून पाठ होतं: खालून तीन टेकू, बाजूने दोन, टोकाला एक. टूलरूममधल्या मामांनी ड्रॉइंग हातात घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “चिप (धातूचा कीस) कुठून पडणार?” मग त्यांनी टेकू बटणासारखे उंच करून भोवती मोकळी जागा ठेवायला लावली. ड्रिल बुशचं, म्हणजे ड्रिलला सरळ नेणाऱ्या नळीचं, तोंडही जॉबपासून थोडं वर घ्यायला सांगितलं. बुश जॉबला चिकटून ठेवली तर चिप बुशमधूनच वर येते आणि बुश लवकर झिजते. हे शिक्षण वर्गात मिळत नाही. शिवाय मटेरियल कंपनीचं, हार्डनिंग कंपनीच्या व्हेंडरकडे, आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) चुकला तर लगेच सांगणारी माणसं आजूबाजूला. खर्चाचं बघायचं तर कंपनीचं पारडं उघडच जड आहे. नोकरीसाठी ओळख होते, हेही खरं. पण प्रोजेक्ट केला म्हणजे नोकरी पक्की, असं धरून चालू नये.

मग अडलं कुठे? ट्रायलला.

जिग तयार झाली, पण ती लावायची होती रोज प्रॉडक्शन काढणाऱ्या मशीनवर. ट्रायल म्हणजे चालू सेटिंग उतरवायचं, आमची जिग चढवायची, जॉब काढायचे, परत जुनं सेटिंग लावायचं आणि पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घ्यायचा. तेवढा वेळ मशीन बंद. सुपरवायझर भला माणूस होता, त्याने कधी तोंडावर नाही म्हटलं नाही. पण आपलं शेवटचं सेमिस्टर जानेवारी ते एप्रिल असतं, आणि कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. ज्या आठवड्यांत आपल्याला रीडिंग हवी असतात, नेमक्या त्याच आठवड्यांत तिकडे डिस्पॅचची सगळ्यात जास्त ओढ असते. “सोमवारी या”, मग “महिनाअखेर होऊ द्या”, मग “रविवारी बघू”. यात दोष कुणाचाच नव्हता. ग्राहकाचा माल आधी जाणार, विद्यार्थ्यांची ट्रायल नंतर, हे तिथे कुणालाही पटेल असंच होतं.

शेवटी ट्रायल झाली ती आमच्या गैरहजेरीत, रात्रपाळीला. सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) आधी किती होता आणि आता किती झाला, ते मला फोनवर कळलं. तेच दोन आकडे रिपोर्टात गेले. फोटो नव्हते, कारण गेटवरच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागायचा. ब्रॅकेटच्या ड्रॉइंगवरची महत्त्वाची मापंही झाकावी लागली, कारण ड्रॉइंग कंपनीच्या ग्राहकाचं होतं. ओरलला एक्स्टर्नल सरांनी अगदी रास्त विचारलं: किती जॉबची सरासरी? दोन्ही वेळा ऑपरेटर तोच होता का? ड्रिल नवीन होतं की धार लावलेलं? आकडा बरोबरच असेल, सांगणाऱ्यावर शंका घ्यायचं मला काहीच कारण नव्हतं. पण या तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार्क वाईट पडले नाहीत. तरी जिग डोळ्यांसमोर घडली आणि ती चालताना मात्र मी पाहिली नाही, ही गोष्ट मला आजही बोचते. पुढच्या वेळी काय निवडायचं, ते तिथेच ठरलं.

डिग्रीला आम्ही कांद्यासाठी छोटा सोलर ड्रायर घेतला. प्लायवुडची पेटी, काळा रंग दिलेला जीआय पत्रा, वर काच, आत जाळीचे ट्रे. विषय जुनाच आहे, आणि रिव्ह्यूला “यात नवीन काय?” हे ऐकावं लागतं. पण मला त्यात आवडलं ते हे की हिशोब कागदावर मांडता येतो आणि नंतर स्वतः पडताळताही येतो. ५ किलो कांद्यात पाणी साधारण ८६ टक्के, म्हणजे कोरडा भाग ७०० ग्रॅम. ओलावा ८ टक्क्यांवर आणायचा तर सुमारे सव्वाचार किलो पाणी उडवायला हवं, आणि त्याला लागते अंदाजे १० मेगाज्यूल उष्णता. एक चौरस मीटर काचेवर दिवसाला ६ युनिट (किलोवॅट-तास) ऊन पडतं असं धरा, म्हणजे २१ मेगाज्यूलच्या आसपास. त्यातलं पाव कामी आलं तर दोन दिवस लागतील. मग गच्चीवर पेटी दक्षिणेकडे तोंड करून ठेवायची, काचेला पुण्याच्या अक्षांशाइतका, म्हणजे साधारण साडेअठरा अंशांचा उतार द्यायचा, आणि दर तासाला ट्रे वजनकाट्यावर ठेवून बघायचं की आपला हिशोब खरा ठरतो की नाही.

तापमानाचे सेन्सर आम्ही पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणले आणि वापरण्याआधी बर्फाच्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात बुडवून तपासले. उकळत्या पाण्यात ९८ च्या आसपास आकडा दिसला की सेन्सर बिघडलाय असं वाटतं. पण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं. एका दुपारी ढग आले आणि त्या दिवसाचा आलेख वाकडातिकडा झाला. आम्ही दुसऱ्या दिवशी परत कांदा चिरला. परवानगी कुणाची मागायची नव्हती. आणि हे सगळं मार्चमध्ये, जेव्हा ऊनही भरपूर असतं आणि रब्बीचा कांदाही बाजारात येऊ लागतो. कंपनीत जो महिना आमच्या आड आला, तोच इथे आमच्या बाजूने होता.

याही ओरलला प्रश्न आलाच: सुरुवातीला वजन झपाट्याने उतरतं, मग वेग का मंदावतो? वरचं पाणी गेलं की आतलं हळूहळू पृष्ठभागाकडे यावं लागतं, हे पुस्तकातलं उत्तर झालं. आम्ही ३ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर जाडीच्या चकत्या वेगवेगळ्या ट्रेमध्ये वाळवल्या होत्या. त्यांचे आलेख शेजारी शेजारी ठेवून दाखवले.

इन-हाऊसच्या अडचणीही आहेत. पैसे आपल्या खिशातले जातात. वर्कशॉपमध्ये फर्स्ट इयरच्या बॅचेस चालू असतात, वेल्डिंगला नंबर लावावा लागतो. आणि मागे लागणारं कुणी नसल्यामुळे काम ढिलं पडतं. ग्रुपमध्ये तारखा पाळणारं एक तरी माणूस नसेल, तर कंपनीचा धाक बरा, असं मीही म्हणेन. मामांसारखा गुरूही कॉलेजात सहसा भेटत नाही. तयार ड्रॉइंग घेऊन एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे गेलात तर ती उणीव थोडी भरून निघते.

तुमचा विषय सिम्युलेशनचा असेल, किंवा काम कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये असेल जिथे मशीन प्रॉडक्शनला जुंपलेलं नाही, तर स्पॉन्सर्ड जरूर घ्या. फक्त जूनमध्येच तीन गोष्टी विचारा: ट्रायल कोणत्या मशीनवर होणार, आठवड्यातला कोणता वार आपला, आणि फोटो-ड्रॉइंग रिपोर्टात घालायची लेखी परवानगी मिळेल का. तिन्हींची स्पष्ट उत्तरं मिळाली तर माझा आक्षेप नाही. “बघू, होऊन जाईल” असं उत्तर आलं, तर माझ्या मते चाचणी आपल्याच हातात राहील असा लहानसा विषय कॉलेजात घ्यावा, दिवाळीच्या आत फॅब्रिकेशन उरकावं आणि फेब्रुवारी-मार्च पूर्ण रीडिंगसाठी मोकळे ठेवावेत.