पहाटेचा ट्रेनर आणि खालच्या मजल्यावरची झोप

जून लागला की पर्वरीत मी पहाटे सायकल बाहेर काढत नाही. खड्डे पाण्याखाली जातात आणि अंधारात पाऊस कोसळत असला की मागून येणाऱ्या गाडीवाल्याला आपण दिसतच नाही. पण पावसाळा सरल्यावर पणजीच्या आयर्नमन ७०.३ या पोहणं-सायकल-धावणं अशा शर्यतीत ९० किलोमीटर सायकल मारायची असेल, तर चार महिने बसून राहणंही परवडत नाही. म्हणजे घरात ट्रेनर आला, सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड, आणि ट्रेनर आला की आवाजाचा प्रश्न आलाच.

हा आवाज दोन तऱ्हांचा असतो. एक हवेतून येणारा, तो घरातल्यांची झोप मोडतो. दुसरा म्हणजे स्लॅबमधून उतरणारी थरथर. ती चालवणाऱ्याला जाणवत नाही, खालच्यांना जाणवते. मला हे कळलं ते खालच्या काकूंनी बोलावल्यावर. वर भाऊ माझा जुना मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाने पेडलला भार देणारा ट्रेनर चालवत होता आणि मी त्यांच्या खोलीत उभा होतो. टायरची घरघर तिथे जवळजवळ नव्हतीच. पण काकूंच्या उशाशी तांब्यावर उपडं घातलेलं फुलपात्र बारीक किणकिणत होतं. त्या रागावल्या नाहीत, फुलपात्रावर नुसतं बोट ठेवलं. किणकिण थांबली, बोट उचललं की पुन्हा सुरू. त्या दिवसापासून पाचचा व्यायाम मी सातवर नेला आणि दुसरा ट्रेनर शोधायला लागलो.

सगळ्यात स्वस्त ते चाकावर टेकणारे ट्रेनर. सायकलचं मागचं चाक एका छोट्या रोलरवर दाबून बसतं. त्यातला पंख्याचा, म्हणजे विंड ट्रेनर फ्लॅटसाठी विसराच. वेग वाढला की तो घोंघावतो. मॅग्नेटिक त्याहून बरा. फ्लुइड ट्रेनरमध्ये पातं तेलात फिरतं, त्यामुळे तो आणखी शांत, आणि वेगाबरोबर भारही आपोआप वाढतो. पण तिन्हींत टायर रोलरवर घासतोच. माउंटन बाइकचा खाचांचा टायर असेल तर फार ओरडतो. गुळगुळीत टायर किंवा खास ट्रेनरसाठीचा कडक टायर लावला की फरक लगेच कळतो. मात्र तो कडक टायर घालून रस्त्यावर जाऊ नका, ओल्यात घसरतो.

नुसते रोलर्स, म्हणजे ज्यांच्यावर सायकल न बांधता मोकळीच चालवायची ते, तोल शिकायला उत्तम, शांततेसाठी नाहीत.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर, म्हणजे गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचावर चढते. टायर नाही, घासणं नाही. उरतो तो चेनचा आवाज, म्हणून चेन स्वच्छ ठेवून तेल घालणं इथे फार महत्त्वाचं. वाहू किकर कोअरसारख्यात बेल्ट आणि जड फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवणारं चाक असतं. टॅक्स निओमध्ये बेल्टही नाही, चुंबकांवरच काम चालतं. आपल्याकडे निओचा आणखी एक मोठा उपयोग आहे: वीज गेली तरी तो चालतो, लागणारी वीज पेडलमधूनच तयार करतो. पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाकीच्या बहुतेक स्मार्ट, म्हणजे ॲपशी जोडलेल्या ट्रेनरना भार बदलायला प्लग लागतो. निओ रस्त्याच्या खडबडीची नक्कलही करतो, ती थरथर ॲपमधून बंद करून ठेवा.

आणि स्पिन बाइक? घरात दोघं-तिघं वापरणार असतील तर हीच घ्या, सीट वरखाली केली की काम झालं. फक्त ब्रेक चुंबकाचा आणि ओढ बेल्टची आहे ना, हे बघा. नमद्याचा पॅड चाकावर घासून भार देणाऱ्या स्वस्त बाइक काही महिन्यांनी चिरचिरतात.

डेसिबलचे आकडे वाचताना एवढं ध्यानात ठेवा की १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. शिवाय आपल्या दमट हवेत मोठ्या पंख्याशिवाय वीस मिनिटंही बसवत नाही, आणि ट्रेनर शांत असला की पंखाच जास्त वाजतो. मग आणखी महाग ट्रेनर घेऊन घरातल्यांना फारसा फरक पडत नाही.

माझं मत सांगतो. कौलारू घर, पायाखाली जमीन, तर फ्लुइड ट्रेनर भरपूर झाला. उरलेल्या पैशांत चांगला पंखा घ्या. फ्लॅट असेल आणि पहाटेचीच वेळ जमत असेल, तर थांबून पैसे साठवा पण डायरेक्ट ड्राइव्हच घ्या, आणि खाली जाड रबरी मॅट घाला. मी मॅटखाली प्लायवूडची फळी आणि तिच्याखाली रबराचे तुकडे ठेवले. मग पुन्हा भावाला वर बसवून काकूंच्या खोलीत गेलो. फुलपात्र गप्प होतं.

घाम मात्र पुसत जा. खाऱ्या घामाने हँडलचे बोल्ट इथे फार लवकर गंजतात. आणि डायरेक्ट ड्राइव्ह घ्यायला जाताना सायकलचं मागचं चाक सोबत न्या: ॲक्सल (चाकाचा आस) कुठला, कॅसेट किती गिअरची, हे दुकानदाराला चाक बघूनच नीट सांगता येतं, आणि पुष्कळदा कॅसेट वेगळी विकत घ्यावी लागते.