स्लो फीडर बाउल: हावरटासाठी बरा, पण पोटफुगीवर कवच नव्हे

मिनिटभरात खाणं फस्त करणारा कुत्रा अन्नाबरोबर भरपूर हवाही गिळतो. या बाउलमधल्या वळणावळणाच्या भिंतींमुळे दाणे जिभेने उकरून काढावे लागतात आणि तेच जेवण पाच-दहा मिनिटं चालतं. घेताना भिंतींमधली फट नीट बघा. जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेनचं थोराड तोंड आत शिरलं नाही, तर तो वैतागून बाउलच उलटवतो (तळाला रबर हवंच). ओलं खाणं कोपऱ्यांत चिकटून आंबतं, त्यामुळे रोज ब्रशने घासायची तयारी ठेवा. बाउल जमिनीवरच बरा. उंच स्टँडने पोटफुगी टळते, ही समजूत भरवशाची नाही.

बाकीचं काम मात्र तुमचंच. दिवसाचा खुराक दोन-तीन वेळांत विभागा, जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी धावपळ नको. खोल छातीच्या मोठ्या जातींत वायूने फुगलेल्या जठराला पीळ बसू शकतो. पोट ढोलासारखं टणक, उमाळे येतात पण बाहेर काहीच पडत नाही, लाळ गळते, एका जागी बसवत नाही, असं दिसलं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक पशुवैद्याकडे न्या, शक्यतो शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी.